गोळीचे दोन तुकडे

मिरजेतल्या शिलाईच्या दुकानात इब्राहिमभाईंनी विडी सोडवणारी गोळी कात्रीने अर्धी केली आणि एक तुकडा शेजारच्या मशीनवरच्या शांताप्पांना दिला. या गोळीचा गुण तपासणारा अभ्यास करणाऱ्या आणि पाहणीला आलेल्या डॉक्टर ऋजुता सबनीस दारातच थबकल्या.

"अहो, चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा गोळ्या तुमच्या नावावर निघाल्यात. यांना नुसता सल्ला द्यायचाय. अशानं गोळीचा उपयोग कळणार कसा?"

"बाई, हा शेजारी बसून ओढायला लागला, तर माझी कशी सुटणार?"

डॉक्टर वैतागून परतल्या. पण मग विचार करून त्यांनी अभ्यासाची आखणीच बदलली. आता चिठ्ठी माणसाची नाही, अख्ख्या दुकानाची निघणार होती; एका दुकानात सगळ्यांना गोळ्या, नाहीतर सगळ्यांना नुसता सल्ला. या दोघांनी गोळ्या आधीच वाटून खाल्ल्या होत्या, म्हणून त्यांना मात्र वगळावं लागलं. काही आठवड्यांनी दुकानात येऊन हे सांगताना डॉक्टरांना अवघडल्यासारखं झालं.

"वगळा की," शांताप्पा हसले. "दोघांचीही विडी सुटली, बास झालं."