रांगेचं शेपूट

कालिपा एजे थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी दार मागे ओढून घेतलं. चौथीची वर्गशिक्षिका शाळेच्या स्वयंपाकघरात उगाच येत नाही. सूप ढवळणाऱ्या झूरानं आच कमी केली.

"तुझ्या पोरीनं, बेगिमायनं, गणिताच्या वार्षिक परीक्षेत कोरा कागद दिला," एजे म्हणाल्या. "एक आकडा लिहिला नाही. हाताची घडी घालून बसली होती महाराणी."

"बरं नव्हतं का तिला?"

"चांगली धडधाकट होती. पेपर झाल्यावर शेजारच्या पोरीला तीच गणितं समजावून सांगत होती."

पोर वर्गात सगळ्यांत लहान, तरी गणितात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

"घाबरू नकोस." एजेंचा आवाज मऊ झाला. "मी पास करून टाकलंय तिला. चार वर्षं बघतेय मी तिची हुशारी. एका कागदापायी पोरीचं वर्ष कशाला बुडवायचं? फक्त कुठे बोलू नकोस."

झूरानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आत्ताच तळलेले पिठाचे बोर्सोक कागदात बांधून त्यांना दिले.

थोड्या वेळानं चौथीचा वर्ग वाडग्या घेऊन खिडकीशी आला. बेगिमाय नेहमीप्रमाणे शेवटी होती. खिडकीच्या कट्ट्यावर तिचं जेमतेम नाक आलं.

"कोरा कागद दिलास?"

"हो."

"का गं, भवाने?"

"नापास व्हायला."

झूराचा डाव पातेल्यावर तसाच थांबला.

"मेदेत आगाय, खेळाचे सर, व्हॉलीबॉलच्या संघात चौथीतल्याच मुली घेतात," बेगिमाय म्हणाली. "उंचीप्रमाणे रांग लावतात आणि पुढच्या आठ जणी निवडतात. माझी सर्व्हिस त्यांनी बघितलीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी ते परत चौथीतूनच घेणार. या सगळ्या तेव्हा पाचवीत गेलेल्या असतील. मग मी पुढे असेन ना."

तिनं हिशेब अगदी बरोबर मांडला होता. वर्षभर रोज संध्याकाळी ती मेंढ्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायची, आणि भिंतीची माती पडते म्हणून झूरा तिच्यावर खेकसायची.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पोरीला सहा वर्षं पूर्ण झाली आणि सप्टेंबरात झूरानं तिला शाळेत घातलं. बाकीच्या बायांनी आपल्या पोरी सात वर्षांच्या होईपर्यंत घरी ठेवल्या. झूराला इथं नुकतंच काम लागलं होतं, घरी बघायला कुणी नव्हतं, म्हटलं पोर डोळ्यांसमोर राहील. हुशार आहे, निभावून नेईल, असं तिनं गावभर मिरवलंही होतं.

"एजेंनी तुला पास केलंय," ती म्हणाली.

बेगिमायनं वाडगी कट्ट्यावर ठेवली. ती रडली नाही.

"मग सांग ना त्यांना, मी मठ्ठ आहे म्हणून."

झूरा तशीच बाहेर धावली. डाव हातातच राहिला होता आणि व्हरांड्यात सूप ठिबकत होतं. कालिपा एजे शिक्षकांच्या खोलीच्या दारात बोर्सोक खात उभ्या होत्या.

"एजे, तिला नापास करा."

एजेंना आधी हसूच आलं. "अगं, पोर पुढे जावी म्हणून लोक माझ्या हातापाया पडतात."

"एक वर्ष मागे ठेवा. घाई मीच केली होती. खेळायचंय हो तिला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सही झाली निकालावर." त्यांनी बोटं कागदाला पुसली. "आणि खेळाचं काय एवढं? मोठी झाली की खेळेल."

"तेव्हा घेत नाहीत," झूरा म्हणाली. पण एजे आत गेल्या होत्या.

ती परतली तेव्हा कट्ट्यावर वाडगी रिकामीच होती. बाहेर मैदानात शिट्टी वाजली. समोरच्या डोंगरावर मे महिन्यातही बर्फ होतं आणि वारा बोचत होता. तिनं खिडकीतून बघितलं.

"उंचीप्रमाणे!" मेदेत आगाय ओरडले.

मुली एकमेकींना ढकलायला लागल्या. खांद्याला खांदा लावून, टाचा उचलून कोण उंच ते भांडू लागल्या. बेगिमाय कुणाशीच खांदा लावायला गेली नाही. ती सरळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली, भिंतीजवळ उभी राहिली आणि रांग आपल्यापर्यंत यायची वाट बघू लागली.