हातभर पलीकडे

सर्वांत लहान दिवशी खिंडीतून येणारं पहिलं ऊन जिथं पडतं, तिथं शिळा उभी करायची, ही बेटाची रीत. ती जागा गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्या ओर्वानं खुंटी ठोकून दाखवली होती. नजर मंदावलीय, हे मात्र तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. शिळा उभारताना दोर तुटला नि ओर्वाचा जावई खाली चिरडला. आज सूर्य उगवला आणि ऊन शिळा सोडून हातभर पलीकडच्या गवतावर पडलं. जमलेली माणसं ओर्वाच्या लेकीकडे बघू लागली. “पडलं का गं ऊन?” एव्हाना पुरत्या आंधळ्या झालेल्या ओर्वानं लेकीला विचारलं. “पडलं, आई. शिळा नुसती झळाळतेय.” ओर्वानं शिळेवर हात फिरवला. बोटांखाली गोठलेलं दव करकरलं. “उबदार लागतेय गं,” ती म्हणाली. “तुझ्या माणसाचा जीव कारणी लागला.” आणि तिनं गारठलेली बोटं कातड्याच्या पांघरुणात लपवली.