बहाव्याचा वळसा

फाल्गुनात बहाव्यावर एकही पान नसतं, त्यामुळे तो जिवंत आहे की वाळलेला, हे लांबून सांगता येत नाही.

पारनेरजवळच्या त्या डोंगरावर गावकरी दर वर्षी वाळल्या गवताचा एक पट्टा आधीच जाळून काढत, म्हणजे वणवा लागला तरी तो आत लावलेल्या झाडांपर्यंत पोचत नसे. एरवी कोणी फिरकत नसे अशा टोकाच्या एका बहाव्यासाठी हा पट्टा मोठा वळसा घेई, कारण ते झाड गावच्या शाळेतल्या शांतवन सरांनी लावलं होतं. सर जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या पत्नी रेबेकाबाई जाळणीला चुकत नसत.

यंदा माणसं पाचच आली. वारा सुटायच्या आत आटपायचं होतं आणि नुसत्या वळशालाच तास लागणार होता.

"आण्णा, सरळ गेलो तर? माझी ढोपरं बोलाय लागली," चांगुणा हळूच म्हणाली.

"मग बाईंना तूच सांग जा," पाण्याचा पंप पाठीवर चढवत गहिनीनाथ म्हणाला. "सरांचं झाड हाय ते. चल गुमान."

रेबेकाबाईंनी ते ऐकलं. वाऱ्याचा अंदाज घ्यायला काठीच्या टोकाला बांधलेला दोरा हलू लागला होता.



"गहिनीनाथ, दोन वर्षांपूर्वीच मी नखानं साल खरवडून पाहिली, आत हिरवं काहीच नव्हतं; झाड वाळलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे इतक्या मायेनं वळसा घालता, म्हणून माझ्याच्यानं सांगवलं नाही. यंदा पट्टा सरळ न्या."