छपाईबाईंची फाइल

नवी आवृत्ती कॉम्प्युटरवर चढली तसा प्रोग्रामर खुर्ची मागे सरकवून उठला. "झालं, बाई. आता गणिताची पुस्तकंही ब्रेलमध्ये निघतील. अपूर्णांक, वर्गमूळ, सगळं. आठ महिने लागले आम्हाला."

छपाईबाई यंत्राशेजारी उभ्या होत्या. अंध मुलांच्या त्या शाळेत पुस्तकं छापायचं काम त्यांचं. त्यांनाही जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावरचा मजकूर कॉम्प्युटर वाचून दाखवायचा, त्या ऐकायच्या. प्रोग्राम फुकटचा होता. प्रोग्रामर आणि त्याचे पाच-सहा मित्र आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो लिहायचे आणि कुणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा म्हणून खुला ठेवायचे.

"छान झालं," बाई म्हणाल्या. "पण वापरायचा कसा, ते कुठे लिहिलंय?"

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे? सोपं आहे हो. आपोआप कळतं."

"कुणाला?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत. कपाटातून एक जाडजूड फाइल काढून त्यांनी धप्पकन टेबलावर ठेवली. आत नुसते ठिपक्यांचे पांढरे कागद.

"ही तुमच्याच प्रोग्रामची माहिती. चार वर्षं ठेचकाळत लिहिलीय. अकरा शाळांनी हिच्या प्रती नेल्यात."

त्याने एका पानावरून बोट फिरवलं. ब्रेलचे सगळे नियम त्यानेच प्रोग्राममध्ये घातले होते. बोटाला मात्र एक अक्षर उमगेना.

"वाचून दाखवता?" तो ओशाळून म्हणाला.

बाईंनी मधलंच पान उघडलं. "मजकुरात तक्ता असेल तर आधी काढून ठेवा, नाहीतर पानांचे आकडे चुकतात. फाइलचं नाव लांबलचक ठेवू नका, यंत्र रुसून बसतं. 'साफ करा' या बटणाला हात लावू नका."

"का? ते तर जास्तीच्या मोकळ्या जागा काढायला आहे."

"हाताने केलेल्या दुरुस्त्याही काढतं. न विचारता. माझ्याआधी इथे एक बाई होत्या. परीक्षा तोंडावर आलेली, आणि इतिहासाच्या अख्ख्या पुस्तकातल्या त्यांच्या दुरुस्त्या दोनदा गेल्या. आपल्याला अक्कलच नाही म्हणाल्या, आणि नोकरी सोडून गेल्या."

ते बटण त्याने एका दुपारी, चहा पिता पिता लिहिलं होतं.

फोन वाजला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी एक मित्र होता. "काय रे, करायची ना आज आवृत्ती जाहीर? सगळे वाट बघतायत."

"थांबव."

"का? काही बिघडलं?"

"नाही. आधी कसं वापरायचं ते लिहू. गणित नंतर."

"अरे, ते काय, मागाहून लिहिता येईल की!"

"चार वर्षं मागाहूनच चाललंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "बाई, पहिल्यापासून वाचा. मी टाइप करतो."

बाई वाचत गेल्या. कुठे तो अडवायचा, कुठे कारण सांगायचा. काही ठिकाणी नुसताच "अरेच्चा" म्हणायचा. जेवणाची घंटा होऊन गेली, मुलं परत वर्गात गेली, तरी दोघं उठले नाहीत. वाचता वाचता बाई पुन्हा त्या बटणाच्या पानावर आल्या.

"इथे मी लिहिलंय, असं का होतं ते माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. त्यात घालते."

टाइप करायचं थांबवून तो बाईंकडे वळला.

"लिहा," तो म्हणाला, "की चूक वापरणाऱ्याची नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे."

बाईंनी ब्रेल लिहायच्या पाटीत कोरा कागद अडकवला आणि टोचणीने उजवीकडून डावीकडे ठिपके उमटवू लागल्या. टक, टक, टक. कागद काढून, उलटून त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं, सावकाश.

मग फाइलची कडी उघडून तो कागद त्यांनी सगळ्या पानांच्या वर घातला.