चैतीची गोधडी

मूठ घट्ट मिटा, मुलांनो, आणि समजा की तुम्ही मोखाड्यातल्या एका लहान दवाखान्यात बाकावर बसला आहात. जानेवारीची सकाळ आहे, वीज गेली आहे. शेजारी सूर्यमाळची चैती बसली आहे, नऊ वर्षांची. तिची आई आतल्या खोलीत निपचित पडली आहे. आणि समोरच्या टेबलावर आहे तिचा भाऊ, घटकेपूर्वी जन्मलेला. त्याचे ओठ निळे आहेत.

"डाक्टर, तो निळा कशानं?" चैतीने विचारले.

डॉक्टरांनी बाळाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली होती. दुसऱ्या हाताची मूठ त्यांनी तिला दाखवली.

"पोटात असताना बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अशा आवळलेल्या असतात. पहिला श्वास घेतला की त्या वाहिन्यांच्या भिंतीच एक वायू तयार करतात, नायट्रिक ऑक्साइड. अगदी इतकुसा. त्यानं ही मूठ सुटते, रक्त फुप्फुसात शिरतं आणि बाळ गुलाबी होतं. याची अजून नीट सुटली नाही. त्यात अंग गार पडलं, तर परत आवळेल."

प्रमिला सिस्टर धावत आल्या. "उबेचा दिवा बंद आहे. चादरी धुतल्यात, अजून ओल्याच आहेत. पोरी, तुम्ही काही पांघरूण आणलंय का?"

चैतीने टाचेने गाठोडे बाकाखाली आणखी आत ढकलले. त्यात गोधडी होती. बापाच्या फाटक्या सदऱ्याची, आईच्या जुन्या लुगड्याची. येताना जीपमध्ये कुणीतरी नाक धरून म्हणाले होते, "कोणी चूलच आणली काय रं गाडीत?" सगळी जीप हसली होती.

"नाही," चैती म्हणाली. तिचे कान तापले.

पलीकडच्या खाटेवर जव्हारची शहरबानो होती. तिचे बाळ नव्याकोऱ्या गुलाबी ब्लँकेटमध्ये झोपले होते. ती कोपरावर उठली आणि ब्लँकेट सोडवू लागली.

"हे घ्या, सिस्टर. माझा पोरगा धट्टाकट्टा आहे. राहील जरा वेळ उघडा."

उघडे पडताच ते बाळ थंडीने कळवळून रडले. त्याचे इवलेसे पाय हवेत थरथरले.

चैती ताडकन उठली.

"नको, मावशी. त्याला गुंडाळ. आमच्याकडं आहे."

तिने वाकून गाठोडे ओढले, गाठ सोडली. चुलीच्या धुराचा वास खोलीभर पसरला. तिची मान खालीच होती. सिस्टरांनी गोधडीला हात लावला. "गार पडलीय गं."

तेव्हा चैतीने फ्रॉक वर केला आणि ती गोधडी आपल्या उघड्या पोटाशी घट्ट कवटाळली, ऊब येईपर्यंत.