पंधरावी बाटली

"मग गेल्या वर्षी त्या काडीला संघातून काढताना का नाही बोललात?" प्राचार्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं.

कोच खिडकीबाहेर बघत राहिले. मैदानावर पोरं फेऱ्या मारत होती. सगळ्यांच्या पुढे कुणीच नव्हतं, तरी कोचची नजर तिथेच जात होती.

आजचा प्रश्न भिंगरीचा होता. चारशे मीटर धावणारी ही पोरगी तपासणीत सापडली, लघवीत गांजा निघाला. तिने आढेवेढे न घेता सांगून टाकलं: वाढदिवसाला मैत्रिणींबरोबर दोन-चार झुरके, तेही चार दिवसांपूर्वी. दोन दिवसांत सगळं निघून जातं, असं मैदानावर सगळ्यांनाच वाटायचं. मैत्रिणींना नुसती ताकीद मिळाली, कारण त्या धावत नव्हत्या. भिंगरीला मात्र नियमाप्रमाणे संघातून आणि वसतिगृहातून कायमचं जावं लागणार होतं. खोली गेली की शिक्षणही गेलं. तिला परत घरात घ्यायला कुणी नव्हतं.

कोच बोलायला लागले ते थांबेनात. चूक सगळ्यांची एकच, मग शिक्षा वेगळी का? धावते म्हणून? तीन महिने स्पर्धा बंद करा, समुपदेशन द्या, पुन्हा तपासा, पण पोरीला रस्त्यावर काढू नका. समितीतल्या डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. याच माणसाने याच टेबलावर काडीच्या कागदावर मुकाट्याने सही केली होती.

काडी लांब पल्ल्याचा धावपटू. फुंकर मारली तर उडेल असा, पण उडालाच तर वाऱ्याच्या पुढे. लघवीच्या चौदा बाटल्यांत काही निघालं नाही, पंधरावीत गांजा निघाला, ती त्याची होती. समितीपुढे तो एवढंच म्हणाला, "मी आयुष्यात गांजा ओढलेला नाही." मग एकदा कोचकडे बघितलं आणि गप्प बसला. गप्प बसला म्हणजे कबूलच, असं सगळ्यांनी धरलं. चार महिन्यांनी एका गोदामात हमाली करताना अंगावर पोत्यांची थप्पी कोसळून तो गेला.

तेव्हापासून कोचचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शिटी वाजवली की कानाशी त्याचा श्वास ऐकू यायचा, दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर, त्यांनीच शिकवलेला. बाटल्या गोळा करायचं कामही त्यांनी आपणहून सोडलं. यंदा ते नर्सने केलं.

"तेव्हा चुकलो," कोच म्हणाले. "आता पुन्हा तेच नको."

मग प्राचार्यांनी कागद बदलायला सांगितला. भिंगरीची खोली वाचली.

कोच लंगडत मैदानाकडे आले. गुडघ्याचं जुनं दुखणं, जिने उतरताना जीव काढायचं. त्यांच्या सामानाच्या खोलीत नेहमीसारखा बामचा उग्र वास भरला होता. पोरं नाक दाबूनच आत यायची. आज आत काडीची आई बसली होती. मांडीवर त्याचे बूट, टाचेवर कॉलेजचा नंबर.

"परत करायचे असतात म्हणे," ती म्हणाली. "धुऊन आणलेत."

तसा नियम होता खरा. कोचना ते हातात घेववेनात.

"एक विचारायचं होतं, सर. तपासणीच्या दिवशी तो इथे नव्हताच. माझं ऑपरेशन होतं, सकाळपासून माझ्या उशाशी बसून होता. गैरहजर राहिला की दोषी धरतात ना तुमच्याकडे? म्हणून कुणीतरी मायेपोटी त्याची बाटली भरून दिली."

"कुणी, ते बोलला?"

"नाही. म्हणाला, माझ्यावर जीव लावणारं माणूस आहे, आई. नाव घेतलं तर त्याचं सगळं जाईल." तिने बुटांच्या नाड्या सारख्या केल्या. "पोरांमधलं तुम्हाला सगळं कळतं. तो मित्र कोण, विचारून बघाल? रागवायचं नाही मला. एकदा बघायचंय त्याला."

विचारतो, असं कोच म्हणाले. त्यांनी तिला गेटपर्यंत सोडलं. वाटेत ती मैदानाकडे बघत थांबली, तेव्हा तेही थांबले.

परत येऊन त्यांनी दाराला आतून कडी लावली. बूट कपाटात ठेवले. बामचं झाकण काढून बाटली टेबलावर उघडी ठेवली, खिडकी ढकलली, आणि सकाळी विझवून शिट्यांच्या डब्यात ठेवलेली गांजाची अर्धी सिगारेट पेटवली.