पानावर नसलेलं वाक्य

"हे वाक्य माझ्या पुस्तकात नाही," लेखक म्हणाला आणि त्यानं मासिकाचा ताजा अंक संपादकबाईंच्या टेबलावर उघडून ठेवला.

लेखक पेशानं दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांना तोंड उघडायला लावण्यात त्याची हयात गेली होती, आज मात्र त्याचंच तोंड मिटत नव्हतं. राहतं घर विकून भाड्याच्या खोलीत गेलेल्या माणसावरची ही त्याची पहिलीच कादंबरी, आणि तिचं परीक्षण थेट सरांनी लिहिलेलं. सर म्हणजे मासिकाचे सर्वांत जुने परीक्षक. छपाईच्या चुका असोत की उसनं आणलेलं दुःख, त्यांच्या हातून काही सुटत नसे. कचेरीत त्यांना पाठीमागे 'चाळणी' म्हणत. त्या चाळणीनं या कादंबरीतलं एक वाक्य उचलून, एवढ्या एका वाक्यासाठी पुस्तक विकत घ्यावं, असं लिहिलं होतं.

बाईंनी ते पुन्हा वाचलं. 'घर विकून झालं, किल्ली मात्र खिशातच राहिली. आता दार उघडायची सोय होती, फक्त दार नव्हतं.'

"माझा नायक किल्ल्या पहिल्याच प्रकरणात देऊन टाकतो हो," लेखक म्हणाला.

"आम्ही पुढच्या अंकात दिलगिरी छापू. तुम्ही रागावणं साहजिक आहे."

"राग कसला? मी रडलो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तुम्ही लिहिलंत? आणि मी हो म्हणून बसलो." त्यानं हातच जोडले. "ज्याचं असेल त्याचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण दुसऱ्या आवृत्तीत मला हे घालू द्या."

तो गेल्यावर बाईंनी जुने अंक काढले आणि कपाटातली पुस्तकं. सरांनी दिलेली अवतरणं पुस्तकाशी ताडून बघायचं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. एकेक पान लावून त्या बघत गेल्या. सरांचे डोळे गेले त्याआधीचं सगळं अक्षर न् अक्षर जुळत होतं. त्यानंतरचं एकही नाही.

डोळे गेल्यापासून सून पुस्तक वाचून दाखवते आणि सर सांगतील तसं परीक्षण उतरवून घेते, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणजे आता आठवणही दगा देऊ लागली, असं त्यांनी मनाशी धरलं. फार वाईट वाटलं त्यांना. मासिक बंद पडायच्या बेतात होतं, भलेभले फोन उचलत नव्हते, तेव्हा सर दर महिन्याला स्वतः जिना चढून परीक्षण आणून देत. मासिक आज उभं होतं त्यात त्यांचा केवढा वाटा होता! त्याच माणसाला आता, पुरे करा, असं सांगायचं होतं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. बाई दुपारीच सरांच्या घरी गेल्या.

दार सुनेनं उघडलं. बाईंनी दबक्या आवाजात सगळं सांगितलं, तशी ती त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बाबांची आठवण ठणठणीत आहे, ताई," ती म्हणाली. "चूक माझी आहे. डोळे गेल्यावर पहिलंच पुस्तक फार रटाळ आलं होतं. बाबा पेंगत होते. म्हणाले, आता माझ्यानं होत नाही, संपादकबाईंना कळवून टाक. मला काही सुचेना. मी मनानंच एक वाक्य वाचलं. ते ताडकन उठून बसले. म्हणाले, पुन्हा वाच."

"आणि मग?"

"मग काय, सवयच लागली."

"निदान उतरवताना तरी पुस्तकातलं खरं वाक्य घालायचंस!"

"सगळं परत वाचून घेतात ना. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी थांबवतात." तिनं पदरानं डोळे पुसले. "लग्न होऊन आले तेव्हा मी वर्तमानपत्राशिवाय काही वाचलेलं नव्हतं. बाबा माझ्या उशाशी पुस्तक ठेवायचे. वाचलंस का, म्हणून कधी विचारलं नाही. संपलं की दुसरं ठेवायचे. मला माणसात आणलं त्यांनी. हे काम गेलं तर ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतील. त्यांना सांगू नका, ताई. कळलं तर ते परत कधी लिहिणार नाहीत."

वाचकांना फसवणं बाईंना जमणार नव्हतं आणि सरांचं मन मोडणंही. त्या तशाच बाहेरच्या खोलीत गेल्या.

सर खुर्चीत ताठ बसले होते. पावलं ऐकूनच त्यांचा चेहरा उजळला.

"या, या. दातांचे डॉक्टर काय म्हणाले?"

"फार आभार मानलेत तुमचे." बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "सर, एक सांगायचं होतं. पुढच्या महिन्यापासून..."

"थांबा." सरांनी मान वळवून कानोसा घेतला. आत नळ सुटला होता, भांडी वाजत होती. मग ते पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून पुस्तकातली वाक्यं तेवढी तुम्ही शोधून घाला, आणि डॉक्टरांना म्हणावं, आभार सूनबाईचे माना. पण मला सगळं माहीत आहे हे तिला कळू देऊ नका हं, नाहीतर ती पुस्तकात जे आहे तेच वाचायला लागेल."